अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत घर बघताय? आधी शाळा तपासा

पत्त्यातल्या गावाच्या नावावर विसंबू नका. पत्त्यात 'अलेक्झांड्रिया' असलेली कितीतरी घरं फेअरफॅक्स काउंटीच्या शाळांत मोडतात. अलेक्झांड्रिया शहराच्या शाळा वेगळ्या. म्हणून काउंटीच्या संकेतस्थळावर घरक्रमांकासकट पत्ता टाकून एलिमेंटरी, मिडल, हायस्कूल तिन्ही बघा. शाळांच्या हद्दी बदलतात, तेव्हा नवा फेरबदल चर्चेत आहे का तेही विचारा. एजंटचा शब्द पुरेसा नाही.

संकेतस्थळं शाळेला दहापैकी किती गुण देतात, एवढ्यावर शाळा ठरवू नका, त्यात पालकांचं उत्पन्नच बरंचसं डोकावतं. व्हर्जिनियाच्या शिक्षण खात्याच्या अहवालात 'एसओएल'चे (राज्याच्या प्रमाणित परीक्षांचे) सलग तीन वर्षांचे निकाल आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण पाहा. किंडरगार्टनसाठी ३० सप्टेंबरपर्यंत ५ वर्षं पूर्ण हवीत. प्रवेशासाठी भाडेकरार, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद हाताशी ठेवा.