कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशी मारत नाही, मग एवढे पाण्यासारखे जुलाब का होतात?

जंतू पेशीत शिरतच नाही, शिरतं ते त्याचं विष. विषाचे पाच भाग पेशीवरच्या जीएम१ रेणूला चिकटतात, सहाव्याचा तुकडा आत जाऊन जी-प्रोटीन (पेशीत संदेश पुढे पोचवणारं प्रथिन) कायमचं 'चालू' करून ठेवतो. एरवी ते आपोआप बंद होतं. इथे होत नाही, म्हणून सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढतच जातो, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडमागोमाग सोडियम, पाणी आतड्यात उतरतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळेच. हे विषाचं काम आहे, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं. एवढ्या मोठ्या शोधाच्या मानाने त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे. ग्लुकोजबरोबर सोडियम शोषणारी वाट मात्र शाबूत राहते, म्हणून ओआरएस (ग्लुकोज आणि क्षार घातलेलं पाणी) लगेच सुरू करा. उलट्यांमुळे पोटात टिकत नसेल तर सलाईनसाठी थेट दवाखाना गाठा.