मुलीने उत्तरादाखल नुसती कवटी पाठवली, याचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा: पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही एक विनोद पाठवलात, तिने उत्तरात फक्त कवटीचं चित्र पाठवलं. तिच्या बोलण्यात 'नो कॅप', 'रिझ', 'डेलुलु', 'सिक्स-सेव्हन' असलं काहीबाही येतं. यांचे अर्थ काय आणि काळजी करावी का?

आधी कवटीचं सांगते, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. ती हसतेय. आपण 'हसून हसून मेले' म्हणतो ना, तेच. मेले म्हणून कवटी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा आता तिच्या वयाच्या मुलांना मोठ्या माणसांचा वाटतो, म्हणून त्याची जागा कवटीने घेतली. तुमचा विनोद जमला होता, एवढाच त्याचा अर्थ.

मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. दिवसभर याच शब्दांशी झटापट असते, आणि एका ओळीत जेमतेम चाळीस अक्षरं मावतात, त्यामुळे अर्थ अगदी नेमका लागतो. 'कॅप' म्हणजे थाप. 'नो कॅप' म्हणजे 'थाप नाही मारत, खरंच सांगतेय'. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून, रॅपच्या वाटेने तो सगळीकडे पसरला. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर, विशेषतः आवडत्या व्यक्तीवर, बोलण्या-वागण्यातून छाप पाडण्याची हातोटी. 'करिझ्मा' शब्दाचा मधला तुकडा उचलून तो बनला आणि 2023 मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. 'डेलुलु'ला मराठीत तोड आहे: मनात मांडे खाणं. कोरियन पॉपच्या चाहत्यांमध्ये, आपला आवडता गायक एक दिवस आपल्याशीच लग्न करणार असं मानणाऱ्यांना हा शब्द चिकटला. आता मुली स्वतःलाच लाडाने डेलुलु म्हणवून घेतात.

'सिक्स-सेव्हन'चा अर्थ शोधत बसू नका, त्याला अर्थच नाही. एका रॅप गाण्यातला तो आकडा आहे. मुलं दोन्ही तळहात वर-खाली करत तो ओरडतात आणि हसतात, बास. 'अटक मटक चवळी चटक' म्हणताना आपण तरी कुठे अर्थ विचारला होता?

'हल्ली भाषेचं काय झालंय' ही हळहळ मला पटत नाही. 'ओएमजी' ('ओ माय गॉड') हे तीन अक्षरी उद्गारवाचक ब्रिटिश नौदलातले निवृत्त अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांनी 1917 साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतं. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. 'ब्रेन रॉट' हा 2024 चा ऑक्सफर्डचा शब्द. रिकामटेकडे व्हिडिओ बघून डोक्याचा जो भुगा होतो, तो. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी तो 1854 मध्येच लिहून ठेवला होता.

आता काळजीचं. ज्या शब्दांनी तुम्ही दचकलात ते बहुतेक निरुपद्रवी आहेत. कान द्यायचा तो गुळगुळीत शब्दांकडे. 'अनअलाइव्ह' हा त्यातला पहिला. व्हिडिओत आत्महत्या किंवा मरण असा शब्द आला की अ‍ॅप तो दाबून टाकतं, अशी समजूत पसरली आणि तो टाळण्यासाठी 'जिवंत नसलेलं करणं' असा हा शब्द पुढे आला. पुष्कळदा तो चेष्टेतच येतो. पण एखादं मूल स्वतःबद्दल तो पुन्हा पुन्हा वापरत असेल, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसावं आणि साध्या शब्दांत विचारावं, 'तुझ्या मनात खरंच मरणाचे विचार येतात का?' असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. 'ग्रिपी सॉक्स' हा दुसरा शब्द. मनोरुग्ण विभागात पाय घसरू नये म्हणून रबरी ठिपक्यांचे मोजे देतात, त्यावरून तिथल्या मुक्कामाला 'ग्रिपी सॉक्सची सुट्टी' म्हणतात. वरवर किती गोजिरवाणा शब्द आहे!

मुलग्यांच्या तोंडी 'लुक्समॅक्सिंग' येतं. म्हणजे रूप जास्तीत जास्त सुधारणं. सुरुवात व्यायाम आणि चेहऱ्याच्या मलमांनी होते. पण हा शब्द जिथे रुजला त्या ऑनलाइन कट्ट्यांवर बायकांबद्दल भयंकर द्वेष आहे, आणि जबडा टोकदार व्हावा म्हणून हाडांवर ठोसे मारण्याचे सल्लेही तिथे मिळतात. घरात मुलगा असेल तर हा शब्द ध्यानात ठेवा.

मुलगी कधी चिडून 'तुम्ही मला गॅसलाइट करताय' म्हणाली, तर दुखावून जाऊ नका, पण थांबा. हा शब्द 1938 सालच्या एका ब्रिटिश नाटकावरून आला. त्यात घरातले गॅसचे दिवे मंद होतात, नवऱ्याला कारण ठाऊक असतं, तरी तो बायकोला सांगतो की तुला भास होतोय. मुलं आता साध्या मतभेदालाही हाच शब्द लावतात, ते चूकच. पण 'मला जे वाटतंय ते तुम्ही खोटं ठरवताय' ही तक्रार त्यात असते, आणि ती खरी असू शकते.

तिचे शब्द तुम्ही स्वतः वापरायला जाऊ नका. आईवडिलांच्या तोंडी आला की तो शब्द मुलांसाठी संपतो. अर्थ मात्र तिलाच विचारा. पंधराव्या वर्षी वडिलांना काही शिकवायला मिळालं की मुलं भरभरून बोलतात. आणि ती कवटी आली होती ना, तिच्याखाली आज आणखी एक विनोद पाठवा.