श्टुटगार्टचा पहिला नाताळ: घोडबंदरहून निघालेल्या मैत्रिणीला उत्तर

"ताई, आम्ही 30 नोव्हेंबरला निघतोय. ह्याचं ऑफिस लगेच सुरू होतंय, माझ्या हातात अजून काम नाही, मुलगी साडेतीन वर्षांची. सगळे म्हणतायत डिसेंबरात जर्मनीला जाऊ नका, अंधार, थंडी, त्यात नाताळ म्हणजे सगळं बंद. मी आणि मुलगी मार्चमध्ये जाऊ का?" दिवाळीच्या फराळाला ठाण्यात नौपाड्याला आमच्याकडे आलीस तेव्हा तू हे विचारलंस, आणि तेवढ्यात बाकीची मंडळी आली. म्हणून मी श्टुटगार्टला परत निघायच्या आधी सविस्तर लिहून ठेवतेय.

तिघं एकत्रच जा. अंधाराबद्दल आणि थंडीबद्दल लोक सांगतात ते खरं आहे, पण डिसेंबर हा तिथला सगळ्यात माणसांनी भरलेला महिना आहे. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी तेवढीच असते आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नवऱ्याला पहिला हिवाळा एकट्याने काढायला लावून तू मार्चमध्ये गेलीस, तर तो रुळलेला असेल आणि तुला सगळं नव्याने सुरू करावं लागेल. एकाच वेळी नवीन असण्यात मोठा आधार असतो.

एक गोष्ट मात्र आधी समजून घे. तिथली नाताळची धामधूम 25 तारखेच्या आधीचे चार आठवडे असते. त्या काळाला आडव्हेंट म्हणतात. नाताळच्या आधीचे चार रविवार धरतात, आणि यंदा, म्हणजे 2026मध्ये, त्यातला पहिला 29 नोव्हेंबरला येतो. घरोघरी हिरव्या डहाळ्यांचं कडं करून त्यावर चार मेणबत्त्या बसवतात आणि दर रविवारी एक एक जास्त पेटवतात. तुम्ही पोचाल तेव्हा पहिली नुकतीच पेटलेली असेल. बाजार, रोषणाई, ऑफिसच्या मेजवान्या हे सगळं याच आठवड्यांत. 24च्या दुपारनंतर सगळं गाव घरात जातं. आपल्याकडे दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला मुंगी शिरायला जागा नसते. तिकडे सणाच्या दिवशी रस्ता ओस आणि खिडक्यांत उजेड. फिरायचं ते आधी, 25ची वाट बघत बसू नका.

पण त्याच्याही आधी कागदपत्रं. नव्या घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. तात्पुरतं घर घेणार असाल तर "हे पत्र देणार का?" असं इथूनच लेखी विचारून घे, कारण सगळे देत नाहीत. नोंदणीसाठी ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कार्यालयाची, वेळ आत्ताच शोधायला लाग. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात बरीच कार्यालयं बंद किंवा अर्धवट चालू असतात. नोंदणी झाली की कराचा क्रमांक पोस्टाने येतो. आणि इथे लोक हमखास अडकतात: टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. कुंकवाची डबी कुठल्या बॅगेत आहे हे नंतर शोध, आधी टपालपेटीवर नाव चिकटव.

रोजच्या आयुष्याबद्दल तू विचारलंस. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला मावळतो. नवरा अंधारात जाईल, अंधारात येईल. उजेडाचे तास तुझ्या आणि मुलीच्या वाट्याला येतील, आणि ते घरात घालवू नकोस, हे मी तुला अगदी कळकळीने सांगते. अकरा ते तीन या वेळात रोज बाहेर पडायचं, पाऊस भुरभुरत असला तरी. तिथली मुलं चिखलात, थंडीत, बागेत खेळतात. आया बाकावर बसून गप्पा मारतात, आणि पहिली ओळख तिथेच होते. कीटा, म्हणजे बालवाडी, लगेच मिळेल असं धरून चालू नकोस. अर्ज करून ठेवायचा. तोवर मायलँडर प्लाट्झवरचं शहर ग्रंथालय आहे, 2011मध्ये उघडलेला पांढरा चौकोनी ठोकळा. आत मुलांचा वेगळा मजला आहे, उबदार आहे, आणि तिथे तास दोन तास बसलं तरी कोणी हटकत नाही. रविवारी बंद.

रविवारी दुकानंही बंद, वर्षभर. बेकऱ्या काही तास उघडतात, स्टेशनातली दुकानं चालू असतात. शनिवारी भाजी-दूध भरून ठेवायची सवय लागते. शिवाय श्टुटगार्टकडे केरवोखे नावाची पद्धत आहे: जिना आणि घरासमोरची वाट झाडायची-पुसायची पाळी दर आठवड्याला घराघरांत फिरते. दारावर पाटी लटकली की पाळी आपली. ती मनापासून कर. नव्या माणसाकडे शेजारी पहिल्यांदा कुठून बघत असतील, तर या जिन्यावरून.

आता बाजार. श्टुटगार्टच्या नाताळ-बाजाराचा पहिला लेखी उल्लेख 1692चा. श्लोसप्लाट्झ चौकापासून मार्क्टप्लाट्झ चौकापर्यंत लाकडी टपऱ्या लागतात, आणि इथली खासियत म्हणजे टपऱ्यांची छपरं. नुसत्या माळा सोडत नाहीत, छपरावर अख्खा देखावा उभारतात: हरणं, देवदूत, बर्फाची घरं, हलणारी अस्वलं. सगळ्यात सुंदर छपराची स्पर्धा असते. म्हणून इथे मान वर करून चालायचं, आणि मुलीला बाबाच्या खांद्यावर बसवायचं. संध्याकाळी पाचनंतर गर्दी वाढते. लहान मूल असेल तर तीन-साडेतीनला पोच, म्हणजे उजेडात खेळणी-पाळणे बघून होतील आणि दिवे लागताना तुम्ही तिथेच असाल.

हातात गरम कप हवाच. मोठ्यांचा ग्ल्यूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून गरम केलेली वाइन. नको असेल तर किंडरपुन्श माग, तो फळांच्या रसाचा, बिनदारूचा. कपासाठी अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत. आपण शाकाहारी, तर उपाशी राहणार नाही. बटाट्याच्या किसाची तळलेली कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या गोड गराबरोबर देतात, ऐकायला विचित्र वाटतं पण मुलीला नक्की आवडेल. केझश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या जाड मऊ शेवया, भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले गरम बदाम. फ्लामकूखन पिझ्झासारखा, पण पातळ आणि कुरकुरीत असतो, पण त्यात सहसा डुकराच्या मांसाचे तुकडे पेरलेले असतात. "ओने श्पेक" म्हणजे त्याशिवाय, एवढे दोन शब्द पाठ कर.

एका बाजारावर थांबू नका. एस्लिंगेन लोकलने अगदी जवळ, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा बाजार तो. जुन्या लाकडी चौकटींच्या घरांमध्ये मध्ययुगीन पद्धतीचा भाग असतो, विक्रेते त्या काळचे कपडे घालतात, लोहार समोर घण मारतो. आमची मंडळी ठाण्याहून आली तेव्हा आमच्या आई त्या लोहाराच्या भट्टीसमोरून हलायला तयार नव्हत्या. लुडविग्सबुर्गचा बाजारही जवळचाच, दिव्यांच्या मोठ्या देवदूतांसाठी जा. उल्म तासाभरावर आहे. 161 मीटरहून उंच शिखराच्या चर्चच्या पायथ्याशी बाजार भरतो. 768 पायऱ्या मुलीला घेऊन चढू नका, खालून बघणं पुरे. हे सगळे बाजार साधारण 22-23 डिसेंबरला गुंडाळतात. लोक सुट्टी लागल्यावर जायचा बेत करतात आणि रिकामा चौक बघून परत येतात.

प्रवासासाठी डॉइचलँड-टिकिट घ्या. 2023मध्ये 49 युरोला सुरू झालं, जानेवारी 2026पासून महिन्याला 63 युरो आहे. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही. सहा वर्षांखालचं मूल फुकट. नवऱ्याचं तर घ्याच, पण तुझंही वेगळं घ्या. काटकसर म्हणून बायकोचं तिकीट टाळणारी घरं मी बघितली आहेत आणि त्यात बाई घरात अडकते.

5 डिसेंबरच्या रात्री मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात. रात्री निकोलाउस, म्हणजे संत निकोलस, येतो आणि सकाळी बुटात चॉकलेट, अक्रोड, संत्री. मुलीला हे करायला लाव, तिला तिथलं पहिलं काही आपलं वाटेल ते हेच. पोचल्या पोचल्या 24 खिडक्यांचं कॅलेंडरही आण, रोज एक खिडकी उघडायची. वाट बघण्यातला आनंद असा रोज थोडा थोडा देणारी पद्धत मला फार आवडते.

शेजारपाजारबद्दल. याच दिवसांत घराघरांत बिस्किटं भाजतात. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, त्यांना गुट्सले म्हणतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दरवर्षी ताटली आणून देतात: चंद्रकोरीसारखी व्हॅनिलाची बिस्किटं, दालचिनीचे तारे, वर पांढरी साखर भुरभुरलेली. कोणाचं भांडं रिकामं परत करू नये ही आपली रीत, त्यामुळे आमच्याकडून त्या ताटलीत चकल्या जातात. त्यांना त्या इतक्या आवडतात की आता नोव्हेंबरातच त्या विचारतात. तुझ्याकडे बिस्किटं येवोत न येवोत, तू चकलीची एक पिशवी घेऊन वर-खाली दोन दारं वाजव आणि नाव सांग. तिथले लोक आपणहून दार वाजवत नाहीत. पण वाजवलेल्या दाराची कदर करतात.

आता 24 ते 27. यंदा 25 शुक्रवारी, 26 शनिवारी, दोन्ही सरकारी सुट्ट्या, आणि 27ला रविवार. 24 तारखेला दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत. म्हणजे गुरुवारी दोनला बंद झालेलं दुकान सोमवारी 28लाच उघडणार. दूध, भाजी, मुलीचं तापाचं औषध मंगळवारपर्यंत घरात हवं. 23ला बुधवारी दुकानांत तोबा गर्दी असते. 24च्या दुपारी चर्चमध्ये मुलांचं नाटुकलं असतं, येशूजन्माचं. कोणीही जाऊ शकतं. तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चमध्ये आपण नाताळला डोकावतो तसं निःसंकोच जा. संध्याकाळी तिथले लोक आपापल्या घरच्यांत असतात. त्या रात्री ठाण्याची आठवण दाटून येईल, म्हणून आधीच दुसऱ्या एखाद्या मराठी घराला जेवायला बोलव किंवा त्यांच्याकडे जा. आमचं घर तर आहेच, पुरणपोळ्या करू. 25ला कुठे जायचं विचारशील तर विल्हेल्मा. प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान एकत्र, वर्षाचे सगळे दिवस उघडं. काचेच्या उबदार घरांत शिरलं की चष्म्यावर बाष्प धरतं, आत केळी, ऑर्किड आणि ओल्या मातीचा वास.

28 ते 6 जानेवारी हा लांब फिरायचा काळ. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, 6 जानेवारीलाही सुट्टी असते. शहर खोलगट भागात असल्याने तिथे बर्फ क्वचितच टिकतं. मुलीला बर्फ दाखवायचं तर ब्लॅक फॉरेस्टचा वरचा भाग किंवा श्वाबियन आल्बचे डोंगर, आदल्या दिवशी हवामान बघून. फ्रान्सातलं स्ट्रासबूर्गही एका दिवसात होतं: केल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत तुमचं तिकीट, पुढे पुलावरून ट्राम, तिचं तिकीट वेगळं. तुमच्या जर्मनीच्या राष्ट्रीय व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, पण पासपोर्ट जवळ ठेवा, सीमेवर तपासणी होऊ शकते. 31च्या रात्री फटाके सर्रास रस्त्यावर फुटतात. मुलीला घेऊन चौकात जाऊ नका, चढावरच्या द्राक्षमळ्यांच्या वाटेवरून अख्खं शहर दिसतं.

बॅगांचं राहिलं. जाड जॅकेट आणि बूट इथून घेऊ नका, तिथलेच घ्या, मुलीचा बर्फाचा सूट जुना चांगला मिळतो; गोखले रोडवरून फक्त आतले गरम कपडे. मिक्सर चालतो, वीज 230 व्होल्टचीच आहे, पिनेला अडॅप्टर लागेल. शेगड्या विजेच्या असतात, कित्येक घरांत इंडक्शन, म्हणून ॲल्युमिनियमचा कुकर इथेच ठेव आणि इंडक्शनला चालणारा स्टीलचा घे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत: म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई, सगळं राहू दे, आई कितीही आग्रह करोत. कढीपत्त्याच्या ताज्या जुड्याही नकोत. नारळ चालतो. जांभळी नाक्यावरून गोडा मसाला, भाजणी आणि हळद घे, आणि चकल्या जरा जास्तच कर.