बांगलादेशात डॉलर आटले आणि वरुडात माझी बाग झाडावरच राहिली

प्रश्न असा आहे की, बांगलादेशातील आर्थिक अडचणींचा भारतातील सामान्य माणसाला खरोखर काही फटका बसतो का, की ही केवळ वर्तमानपत्री चर्चा आहे. मुंबई-पुण्यातील माणसाला कदाचित बसत नसेल. विदर्भातल्या वरुड तालुक्यात संत्र्याची साडेतीनशे झाडे सांभाळणाऱ्या मला तो बसला आहे, म्हणून लिहितो.

२०२३ च्या आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून दिवाळीच्या सुमारास तोडीला येणाऱ्या पिकाची, गोष्ट आहे. गेली नऊ वर्षे आमच्याकडे येणारा व्यापारी सप्टेंबरमध्ये बाग पाहून गेला. टनाला सव्वीस हजारांचा भाव ठरला आणि पन्नास हजार रुपये इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन, दिवाळीनंतर तोड करतो, असे तो म्हणाला. दिवाळी झाली, पण तोडीची माणसे आली नाहीत. फोन केला की ‘आठ दिवस थांबा’ एवढेच उत्तर मिळे. दरम्यान फळगळ सुरू झाली. सकाळी बागेत गेलो की प्रत्येक झाडाखाली गळालेल्या फळांचे पिवळे कडे दिसे आणि दोन दिवसांत त्याला आंबूस वास सुटे. शेवटी तो स्वतः आला, ओट्यावर टेकला, ठेवलेला चहा तसाच राहू दिला आणि इसार सोडतो म्हणाला. सीमेपलीकडे, बांगलादेशातल्या बेनापोलला, त्याचा जो खरेदीदार होता, तो माल उचलायला तयार नव्हता. बांगलादेशचे किलोला ८८ रुपये आयात शुल्क भरून ते फळ ढाक्यात कोण खाणार? माझ्या बागेत तेच फळ सव्वीस रुपयांचे होते. उरलेला माल मी चौदा हजार रुपये टनाने विकला आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, तर मिळेल त्या भावाने दिली.

आमच्याकडे सर्रास सांगितले जाते की आपण कांद्याची निर्यात अडवली, म्हणून बांगलादेशने संत्र्यावर सूड उगवला. मला हे पटत नाही. २०१९ मध्ये हेच शुल्क किलोला वीस रुपयांच्या आसपास होते हे खरे. पण मे २०२२ मध्ये त्या देशाने फळे, फुले, सौंदर्यप्रसाधने अशा शंभराहून अधिक वस्तूंवर जादा शुल्क लावले, ते कोणत्याही देशातून आल्या तरी. कारण साधे होते. युक्रेन युद्धानंतर इंधन आणि धान्य महागले, आणि निर्यातीचा मोठा भाग एकट्या तयार कपड्यांवर उभा असलेल्या त्या देशाची परकीय गंगाजळी ऑगस्ट २०२१ मधील ४८ अब्ज डॉलरवरून दोन-अडीच वर्षांत निम्म्यावर आली. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टाका (तिथले चलन) पडत, २०२३ अखेर ११० पडू लागले. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करून घ्यावे लागले. ज्या घरात औषधाला पैसे पुरत नाहीत, तिथे आधी फळांची टोपली बंद होते.

माझे थोरले बंधू पुण्यात बँकेत आहेत आणि गेली दोन वर्षे त्यांचे एकच पालुपद आहे की, मी लेखी करार केला नाही म्हणून व्यापाऱ्याने मला फसवले. दादा, करार असता तरी डॉलरच नसल्याने पलीकडच्या खरेदीदाराला त्याच्या बँकेने एलसी, म्हणजे मालाचे पैसे देण्याची हमी, उघडून दिली नसती, हे तुम्हाला बँकेत बसून कळायला हवे होते. आमचा व्यापारी इसार सोडून गेला, म्हणजे पन्नास हजारांचा तोटा त्यानेही सोसला. राज्य सरकारने डिसेंबरमध्ये निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले, तेव्हा आमचा आंबिया बहार जवळजवळ संपला होता.

दादांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आपले संत्रे बियांचे, पातळ सालीचे आणि लवकर मऊ पडणारे. लांबच्या बाजारात ते टिकत नाही, म्हणून आम्ही सारे एकाच गिऱ्हाइकावर विसंबलो, आणि त्यात बांगलादेशचा दोष नाही. कांद्याच्या वारंवार घातलेल्या बंदीने, २०१९ मध्ये, २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, तिकडच्या व्यापाऱ्यांचा भरवसा उडाला, हेही खरेच. बागाइतदाराने विचारले तर मी एवढेच सांगेन की, बाग देण्यापूर्वी डॉलरला किती टाका पडतात ते पाहावे आणि इसार निम्म्या रकमेचा मागावा. यंदा मी तसा मागितला, तर पहिल्या दोन व्यापाऱ्यांनी बाग न पाहताच गाडी वळवली.