जवळच जा, पण घरचे विषय घरीच ठेवून

प्रश्न : ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. लांब जाणं जमत नाही म्हणून ठरवलं की आठवड्यातली एक संध्याकाळ घराजवळच दोघांनी एकत्र घालवायची, मुलगी तेवढा वेळ आजीकडे असते. जातो आम्ही, पण पाच मिनिटांत शाळेची फी, गाडीचं सर्व्हिसिंग, कोणाला फोन करायचा राहिलाय हेच सुरू होतं, नाहीतर मग दोघं आपापल्या मोबाईलमध्ये. नवरा म्हणतो, यापेक्षा घरीच बसू ना. खरंच काही फरक पडतो का अशा डेटने?

उत्तर : पडतो, आणि लांब गेलो नाही म्हणजे काहीतरी कमी पडलं असं अजिबात समजू नका. तुमची अडचण अंतराची नाहीये, तुम्ही बाहेर जाताना सगळं घर बरोबर घेऊन जाताय. हे विषय खोटे नाहीत, ते बोलायलाच लागतात, म्हणून "आज फीबद्दल बोलायचं नाही" एवढं म्हणून भागत नाही, डोक्यात ते चालूच राहतं. त्यापेक्षा त्यांना वेगळी वेळ द्या, आदल्या दिवशी वीस मिनिटं बसा, काय भरायचंय, कोण करणार ते लिहून टाका आणि मोकळे व्हा. मग डेटला कोणी तो विषय काढला तर "उद्या बघू" म्हणता येतं आणि समोरच्याला राग पण येत नाही.

दुसरं म्हणजे दर वेळी त्याच जागी जाऊन नुसतं समोरासमोर बसू नका, हातांना काहीतरी काम द्या. आर्थर अ‍ॅरन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास छापला, त्यात काही जोडप्यांना हात-पाय एकमेकांना बांधून गादीवरून रांगत जायला लावलं, फक्त ७ मिनिटं, आणि काहींना साधं कंटाळवाणं काम दिलं. रांगणाऱ्यांना त्यानंतर आपलं नातं जास्त छान वाटलं! तुम्ही रांगू नका, पण दोघांनाही न येणारं काहीतरी करा, बॅडमिंटन खेळा, एकमेकांचं चित्र काढा, रोजच्या रस्त्याऐवजी कधीच न गेलेल्या गल्लीतून चालत या. हे सगळं घरापासून दहा मिनिटांवर होतं.

आता बोलायचं काय, मला विचाराल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये जोडप्यांवरचा एक अभ्यास छापला होता, त्यात असं दिसलं की जोडीदार आपल्या वाईट बातमीला कसा सामोरा जातो त्यापेक्षा चांगल्या बातमीला कसा प्रतिसाद देतो याचा नात्याच्या सुखाशी जास्त जवळचा संबंध आहे. आपण संकटात धावून जातो हो, पण नवरा सांगतो की ऑफिसात कौतुक झालं आणि आपण म्हणतो "मग आता काम वाढवतील तुझं", किंवा नुसतं "हं" करून मोबाईल बघतो, आणि माणूस मग सांगायचंच बंद करतो. तर या संध्याकाळी दोघांनी आठवड्यातली एकेक चांगली गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याने त्यावर विचारत जायचं, कोण काय म्हणालं, तुला कसं वाटलं, मग पुढे काय. मोबाईल एकच चालू ठेवा, आजीसाठी, आणि तोही पर्समध्ये.

नवऱ्याला हे सगळं समजावून सांगत बसू नका, या वेळी काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या, पुढच्या वेळी तुम्ही ठरवा. आणि कोणी खरंच दमलं असेल तर खुशाल पुढे ढकला, फक्त ढकलतानाच नवीन वार ठरवा आणि आजीला लगेच कळवा.