वाचकांचे प्रश्न : जैवइंधन हिरवे, मग जंगले का तुटतात?

प्रश्न : जैवइंधन पिकांपासून बनते आणि पीक वाढताना हवेतील कार्बन शोषून घेते. तरीही जैवइंधनाच्या धोरणांमुळे जंगले तुटतात, असे का म्हटले जाते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पीक कार्बन शोषते हे खरे, परंतु ते ज्या जमिनीवर उभे राहिले, तिथे आधी काय होते, हे या हिशेबात धरलेले नसते. युरोपीय संघाने 2009 मध्ये सदस्य देशांवर असे बंधन घातले की, 2020 पर्यंत वाहतुकीसाठीची 10 टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून मिळवावी. त्यासाठी तिथले रेपसीडचे (मोहरीच्या जातीतल्या तेलबियांचे) तेल मोठ्या प्रमाणावर डिझेलकडे वळले. खाण्याच्या तेलाची गरज मात्र कमी झाली नाही. ती तूट बऱ्याच अंशी पामतेलाने भरून काढली, शिवाय पामतेल थेट बायोडिझेलमध्येही जाऊ लागले. पामच्या बागा वाढल्या त्या आग्नेय आशियातील सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवर, पुष्कळ ठिकाणी जंगल तोडून. अर्थात सारा दोष इंधनाचा नाही. पामतेलाचा मोठा वाटा खाण्यात जातो आणि त्याचा सर्वांत मोठा आयातदार आपला भारतच आहे.

सर्वाधिक हानी होते ती या बेटांवरच्या दलदलीच्या पीट जमिनीवर. हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा पाण्याखाली साचून तिचा थर बनतो, काही ठिकाणी तो कित्येक मीटर जाड असतो. पामच्या लागवडीसाठी चर खणून पाणी काढून टाकले की तो थर कुजू लागतो, वर्षानुवर्षे कार्बन डायऑक्साइड सोडतो, खचतो आणि कोरड्या मोसमात पेटतो. 2015 च्या वणव्यांचा धूर सिंगापूरपर्यंत पोहोचला होता. अशा जमिनीवरील जंगल तोडून पामचे बायोडिझेल केले, तर हवेत गेलेला तो कार्बन खनिज डिझेल टाळून झालेल्या बचतीतून भरून निघायला, म्हणजेच कार्बनचे ते कर्ज फिटायला, सुमारे 423 वर्षे लागतील, असा हिशेब अमेरिकी संशोधकांनी 2008 मध्येच मांडला होता.

युरोपने 2019 मध्ये पामपासूनचे इंधन 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टांच्या मोजणीतून वगळण्याचे ठरवले. इंडोनेशियाने मात्र 2025 मध्ये स्वतःच्याच डिझेलमध्ये 40 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे धोरण आणले.

आपल्याकडे जंगलाचा प्रश्न इतका थेट नाही, पण पीक एकीकडून दुसरीकडे वळण्याचा प्रकार तोच आहे. मका इथेनॉलकडे वळला आणि 2024 मध्ये मका निर्यात करणारा भारत आयातदार झाला. कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका कुठून आणि कोणत्या जमिनीवरून येणार, हे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट ठरवतानाच ठरायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.