संक्रांतीचा तिळगूळ केक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हळदीकुंकवाला कणकेचा, बिनअंड्याचा तिळगूळ केक करायचा आहे. मागच्या वेळी तो मधोमध बसला आणि तळाला चिकट थर राहिला. प्रमाण सांगाल का? (महाल, नागपूर)

उत्तर : प्रमाण देतोच, पण चिकट थर बहुधा गुळामुळे आला असावा. किसलेला गूळ तसाच पिठात घातला की न विरघळलेले खडे खाली बसतात. चिक्कीचा गूळही नको, साधा पिवळा घ्या.

सात इंची भांड्यासाठी : चाळलेली बारीक कणीक 180 ग्रॅम, गूळ 150 ग्रॅम, तीळ 60 ग्रॅम, ताजं दही 150 ग्रॅम, तेल 80 मिली, संत्र्याचा रस दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ.

गूळ 50 मिली पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवा. उकळला की पाक व्हायला लागतो. गाळून पूर्ण गार करा. गरम गुळाने दही फुटतं आणि केक ओव्हनमध्ये जाण्याआधीच सोड्याचा जोर ओसरतो. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा, जास्त भाजले तर कडवट होतात. गार झाल्यावर 50 ग्रॅम तीळ दोन चमचे कणकेबरोबर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. नुसते वाटले तर तेल सुटून गोळा होतो. उरलेले वरून भुरभुरा.

दही, तेल, गूळ फेटून घ्या, त्यात कोरडं मिश्रण आणि शेवटी रस घाला. पीठ दिसेनासं झालं की थांबा. कणीक जास्त घोटली की केक रबरासारखा होतो. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. पहिली 30 मिनिटं दार उघडू नका, केक मधोमध बसण्याचं तेही एक कारण. गूळ रंग लवकर धरतो, वरून काळपट वाटला तर त्यानंतर फॉइल झाका.

तेलाऐवजी तूप चालेल, पण जानेवारीत आपल्याकडे सकाळी तूप थिजलेलंच असतं. पातळ केलेल्या तुपात फ्रिजमधलं दही पडलं की लगेच कण धरतात. दही दोन तास आधी बाहेर काढा.

प्रश्न : संत्र्याची साल घातली की केक कडू होतो. (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : कडूपणा सालीखालच्या पांढऱ्या भागात असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे किसणी सहज खोल जाते. फळ सोलण्याआधीच, कडक बघून, धुऊन-पुसून किसा. एका जागी एकदाच किसणी फिरवा. दोन संत्र्यांची साल पुरते. रस हाताने पिळा. मिक्सरमध्ये बिया चिरडल्या की तोही कडवटतो, आणि काढून ठेवलेला रस तासाभराने कडू लागतो, म्हणून ऐनवेळी काढा. खरा वास सालीचाच येतो, रस वाढवून केक फक्त ओलसर होईल.

प्रश्न : ओव्हन नाही, कुकरमध्ये करते. खालून करपतो, वरून कच्चा. (इतवारी, नागपूर)

उत्तर : आच मोठी आहे आणि भांडं तळाला टेकलेलं असणार. झाकणाची रिंग आणि शिटी काढा, तळाला दीड वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड. पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून भांडं ठेवा आणि आच सर्वात बारीक करा. 50 ते 60 मिनिटं लागतात. वरून ओव्हनसारखा रंग येणार नाही, त्यासाठी आच वाढवू नका.

प्रश्न : तीसेक जणी येणार आहेत. दुप्पट मिश्रण मोठ्या भांड्यात चालेल? (सक्करदरा, नागपूर)

उत्तर : नको, मधला भाग शिजेपर्यंत कडा वाळतात. दोन वेगळे केक करा, पण दुसऱ्याचं मिश्रण पहिला बाहेर आल्यावरच कालवा. आदल्या दिवशी केलेला बरा. रात्रभरात गूळ मुरतो आणि तुकडे भुगा न होता पडतात. डब्यात बाहेरच ठेवा.